रवंथ थांबत नाही, चारा बदलता येतो

संध्याकाळचे साडेसात वाजलेत. शिरूरकडून आलेली एसटी तुम्हाला वडगाव रासाईत उतरवून निघून गेलीय. वस्ती अजून दीड-दोन किलोमीटर आत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. मोबाईलचा टॉर्च लावलाय, उगाचच मोठ्या आवाजात गाणं म्हणताय, आणि पाचटात काहीतरी खसखसतं. पाय जागच्या जागी थांबतात. छातीत धडधड. बिबट्या?

नसतो. बहुतेक वेळा कुत्रं असतं, मुंगूस असतं, नाहीतर नुसता वारा. पण शिरूर-दौंडच्या ऊसपट्ट्यात राहणाऱ्या माणसाला 'त्यात काय घाबरायचं' असं कुणी म्हणू नये. इथं बिबट्या खरा आहे. त्यामुळे प्रत्येक खसखशीला दचकणारं मन वेडं नाही. ते तुम्हाला जिवंत ठेवायचं काम करतंय.

आता त्याच रात्रीचा पुढचा प्रसंग. जेवण झालं, अंथरूण घातलं आणि मोबाईल वाजला. कॉलेजच्या ग्रुपवर रिझल्टची लिंक. उघडून बघितलं तर एका विषयात एटीकेटी. छातीत पुन्हा तीच धडधड. आणि डोकं सुरू होतं. 'मला हे जमणारच नाही. घरच्यांनी उसाच्या बिलातून फी भरली. बाकीचे सगळे पुढं गेले. माझ्यात दमच नाही.' रात्री एक वाजता तेच, दोन वाजता तेच. सकाळी डोळे उघडल्या उघडल्या पुन्हा तेच.

दोस्तांनो, इथं गडबड कुठं झाली ते लक्षात आलं का? मनानं एटीकेटीलाही बिबट्या ठरवलं. उसातल्या बिबट्यापासून पळता येतं. डोक्यातल्या बिबट्यापासून कुठं पळणार? तो तर तुमच्यासोबत अंथरुणात शिरतो.

आज बोलायचंय ते याच डोक्यातल्या बिबट्याबद्दल. आणि ते बोलताना आपण दोन ठिकाणी जाणार आहोत. एक, भीमा ओलांडून दौंड तालुक्यातल्या केडगावला. दुसरं, त्याहून जवळ, तुमच्या घरामागच्या गोठ्यात. आधी गोठ्यात जाऊ.

गाय काय करते?

दिवसभर चरून आलेली गाय रात्री बसून रवंथ करते. गिळलेलं पुन्हा तोंडात आणायचं, चघळायचं, पुन्हा गिळायचं. एकच वाईट विचार पुन्हा पुन्हा घोळवत बसण्याच्या सवयीला मानसशास्त्रात 'रुमिनेशन' म्हणतात. हा शब्द थेट गोठ्यातून आलेला आहे. त्याचा मूळ अर्थच रवंथ. फरक एवढाच की गाईच्या रवंथानं चारा पचतो आणि आपल्या रवंथानं आपणच झिजतो.

गंमत पुढे आहे. मानसशास्त्र जन्मायच्या कितीतरी आधी, मध्ययुगातले ख्रिस्ती मठवासी हाच लॅटिन शब्द एका चांगल्या सवयीसाठी वापरत होते. पवित्र शास्त्रातली एखादी ओळ घ्यायची, ती घाईनं वाचून पुढं जायचं नाही, दिवसभर तोंडात घोळवायची, हळूहळू चघळायची. त्यालाही ते रवंथच म्हणत. म्हणजे मनाची एकच सवय. एका ठिकाणी ती आजार बनते, दुसऱ्या ठिकाणी औषध.

यातून एक साधी गोष्ट कळते, आणि या लेखात सांगायचंय ते एवढंच आहे. मनाचं रवंथ थांबवता येत नाही. पण त्याच्या पुढ्यात कुठला चारा टाकायचा, हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

'विचारच करायचा नाही' हा उपाय चालत नाही, याचा पुरावाही आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही. आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नंतर 'आता खुशाल विचार करा' असं सांगितल्यावर, विचार दाबून बसलेल्या मुलांच्या डोक्यात अस्वल इतरांपेक्षा जास्त वेळा आलं. तुम्हीही करून बघा. पुढचा एक मिनिट बिबट्याचा विचार करू नका. बघा, आला की नाही!

म्हणून 'टेन्शन घेऊ नको रे', 'पॉझिटिव्ह थिंकिंग कर ना' हे सल्ले कितीही प्रेमानं दिलेले असले तरी कामाला येत नाहीत. रिकाम्या दावणीला बांधलेली गाय काहीही चघळते, प्लास्टिकची पिशवीसुद्धा. दावण रिकामी ठेवून चालणार नाही. तिथं काहीतरी टाकावं लागेल.

चला केडगावला

वडगाव रासाईपासून भीमा ओलांडली की दौंड तालुका. पुणे-दौंड लोहमार्गावरचं केडगाव स्टेशन तुमच्यापैकी अनेकांच्या रोजच्या पायाखालचं असेल. तिथंच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, आजही सुरू असलेलं. नाव आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलंय, परीक्षेत दोन मार्कांसाठी लिहिलंय. पण या बाईंच्या डोक्यात काळे विचार येण्यासाठी किती कारणं होती, याची यादी कधी केलीय का?

जन्म २३ एप्रिल १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे, मोठे विद्वान. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. सगळं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत गावोगाव फिरायचं. मग दुष्काळ आला. रमाबाई तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या वयाच्या. थोड्या काळात वडील गेले, आई गेली, मग मोठी बहीण गेली. राहिले दोघंच, रमा आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी देशभर फिरले. उत्तरेत झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरायला काही नव्हतं, तेव्हा वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून रात्र काढल्याचं त्यांनीच पुढं लिहिलंय.

१८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या विद्वत्तेला दाद मिळाली, 'पंडिता' आणि 'सरस्वती' हे मान मिळाले. आता सगळं सुरळीत होणार असं वाटत असताना १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीनं तेही गेले. पदरात वर्षाचीही न झालेली मुलगी, मनोरमा. रमाबाईंचं वय २३. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येऊ लागलं. ते स्वप्नही संपलं.

आता सांगा, 'माझ्या नशिबातच नाही' असं म्हणायचा हक्क कुणाला असेल तर तो यांना होता की नाही?

त्याच वर्षी, १८८३ च्या सप्टेंबरमध्ये, इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात त्यावरून मोठं वादळ उठलं. त्या वादात आपण आज शिरणार नाही. आपल्याला बघायचंय ते वेगळंच. सिनेमात असतं तसं, बाप्तिस्मा झाला आणि दुसऱ्या दिवशी मन लख्ख झालं, असं काही घडलं नाही. रमाबाईंनी स्वतःच्या आध्यात्मिक प्रवासाबद्दल १९०७ मध्ये लिहिलं, त्यात ही कबुली स्पष्ट आहे. धर्म बुद्धीला पटला होता, पण आतली तहान भागली नव्हती. विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं पुस्तक वाचताना त्यांना ही उणीव जाणवली, आणि आपल्याला जे हवं होतं ते धर्माच्या चौकटीत नसून ख्रिस्ताशी असलेल्या जिवंत नात्यात आहे, हे उमगलं. हे सगळं घडेपर्यंत १८९१ उजाडलं होतं. दीक्षेनंतर आठ वर्षं!

आठ वर्षं. आपण तीन दिवस मेडिटेशन अॅप वापरतो आणि 'काही फरक पडला नाही' म्हणून डिलीट करतो.

आणि मग १८९६ आला. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याची बातमी रमाबाईंच्या कानावर आली. वीस वर्षांपूर्वीची स्वतःची उपासमार त्यांना आठवली असणारच. हीच आठवण चघळत अंधाऱ्या खोलीत बसता आलं असतं. त्या थेट दुष्काळी मुलखात गेल्या आणि निराधार मुली, विधवा, लहान पोरी यांना घेऊन आल्या. मुंबईत १८८९ मध्ये सुरू झालेलं आणि पुढच्याच वर्षी पुण्यात आलेलं त्यांचं शारदा सदन होतंच. केडगावला शेतजमीन घेतलेली होती. तिथं मुक्ती उभं राहिलं. शेकडो मुली आल्या. विणकाम, शेती, दूधदुभतं, छपाई, शिक्षण, प्रार्थना असा दिवस बांधलेला. अंध मुलींसाठी ब्रेल आलं, ते मनोरमाबाईंमुळे.

आठवण तीच राहिली, तिचं काय करायचं ते बदललं. मन नव्यानं घडणं म्हणतात ते हेच.

एका शब्दाची गोष्ट

आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात रमाबाईंनी एक अचाट काम हाती घेतलं. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर, तेही साध्या बायाबापड्यांना समजेल अशा भाषेत. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, खिळे जुळवायला तिथल्याच बायका. हे काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. ते पूर्ण झालं आणि थोड्याच दिवसांत, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाईंनी डोळे मिटले.

भाषांतर करणारा माणूस एकेका शब्दापाशी थांबतो. आपणही एकाच शब्दापाशी थांबू. मराठी बायबलमध्ये 'पश्चात्ताप' हा शब्द वारंवार येतो. पश्चात म्हणजे नंतर, ताप म्हणजे जळणं. ऐकलं की डोळ्यांसमोर मान खाली घालून रडणारा माणूस येतो. पण नव्या करारातला मूळ ग्रीक शब्द आहे 'मेटॅनोइया'. त्याचा सरळ अर्थ, मन बदलणं, विचार वळवणं. त्यात जळत बसणं नाही, वळणं आहे. तुम्ही चुकीच्या फाट्यावर उतरलात तर फाट्यावर बसून रडायचं नसतं, वळून योग्य रस्ता धरायचा असतं.

संत पौलानं रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात मन नवं होण्याबद्दल सांगितलंय. त्याचा आशय असा, की भोवतालच्या जगाचा साचा तुम्हाला त्याच्यासारखं घडवत असतो, तुम्ही आतून, मनापासून बदला. 'जगाचा साचा' म्हटल्यावर आज सगळ्यात आधी काय आठवतं? रील्स. कुणाची बॉडी, कुणाची बाईक, कुणाचं प्लेसमेंट, कुणाची ट्रिप. दिवसाचे तीन तास आपण तोच चारा खातो आणि मग रात्री त्याचंच रवंथ होतं. नवल कसलं?

फिलिप्पैकरांना लिहिलेल्या पत्रात पौल उलट यादी देतो. खरं काय, न्याय्य काय, शुद्ध काय, कौतुकास्पद काय, अशा गोष्टींवर मन लावायला सांगतो. आणि हे लिहिताना तो स्वतः कैदेत होता. एसीत बसून दिलेलं मोटिव्हेशनल भाषण नव्हतं ते.

मग करायचं काय? चार पायऱ्या

एक, पकडा. विचार आला की त्याला नाव द्या. 'माझ्यात दमच नाही' असं म्हणण्याऐवजी 'माझ्यात दमच नाही, असा विचार मला आत्ता आलाय' असं म्हणा. पाच शब्दांचाच फरक आहे, पण तेवढ्यानं तुम्ही आणि विचार यांच्यात वीतभर जागा तयार होते. शक्य असेल तर वहीत लिहा. मोबाईलमध्ये नको, वहीतच. मोबाईल उघडला की लिहायचं राहतं आणि तुम्ही इन्स्टावर पोचता. ही वीतभर जागा म्हणजेच सजगता, ज्याला सगळे 'माइंडफुलनेस' म्हणतात. रमाबाईंच्या काळात हा शब्द आजच्यासारखा सगळ्यांच्या तोंडी नव्हता. बौद्ध ध्यानपरंपरेतून ही पद्धत घेऊन अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी तिचा कार्यक्रम सुरू केला, तिथून ती जगभर पसरली.

दोन, तपासा. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ अॅरन बेक यांना १९६० च्या दशकात रुग्णांशी बोलताना लक्षात आलं, की उदास माणसाच्या डोक्यात काही विचार आपोआप, न बोलावता येतात आणि तो ते न तपासता खरे मानतो. त्यांच्या सवयी ठरलेल्या असतात. एका विषयात नापास म्हणजे आयुष्यात नापास. मैत्रिणीनं मेसेज वाचून उत्तर दिलं नाही म्हणजे ती चिडलीय. इंटरव्ह्यू एकदा फसला म्हणजे नेहमीच फसणार. अशा विचाराला वकिलासारखं विचारा. पुरावा काय? उलटा पुरावा आहे का? हीच गोष्ट माझ्या जिवलग मित्राच्या बाबतीत घडली असती तर मी त्याला काय म्हणालो असतो?

तपासण्याचं एक मराठी उदाहरण फार सुंदर आहे. लक्ष्मीबाई टिळक, 'स्मृतिचित्रे'च्या लेखिका. वडिलांना सोवळ्याओवळ्याचं पराकोटीचं वेड, त्याच घरात त्या वाढल्या. १८९५ मध्ये पती नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही त्यांनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. मग एकदा त्यांनी स्वतःलाच मुळातला प्रश्न विचारला, या जाती देवानं केल्या की माणसांनी? उत्तर मिळालं तसं त्या वागायला लागल्या. कुणाच्याही हातचं खाणंपिणं सुरू केलं. १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, पण जातीचा विचार त्याआधीच, एका प्रश्नानं आणि एका कृतीनं बदलला होता. लहानपणापासून घट्ट बसलेला विचारसुद्धा 'हे कशावरून?' या प्रश्नापुढं टिकेलच असं नाही.

तीन, उत्तर द्या. विचार चूक आहे हे कळणं एक आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी ठेवणं दुसरं. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एव्हाग्रियस नावाचा एक ख्रिस्ती तपस्वी राहत होता. माणसाला छळणाऱ्या विचारांचे त्यानं आठ प्रकार मांडले. त्यातल्या एकाचं वर्णन वाचताना हसू येतं. भर दुपारी तपस्व्याला वाटायला लागतं की सूर्य पुढं सरकतच नाहीये. तो सारखा खिडकीबाहेर बघतो. आपलं कुणाला काही पडलेलं नाही असं त्याला वाटतं. हे ठिकाण सोडून दुसरीकडं गेलं पाहिजे असंही वाटतं. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस, पण वर्णन सबमिशनच्या आदल्या दिवशी स्टडीरूममध्ये बसलेल्या विद्यार्थ्याचं! एव्हाग्रियसनं या आठ प्रकारांसाठी आठ भागांचं एक पुस्तकच लिहिलं. अमुक विचार आला तर शास्त्रातलं अमुक वचन त्याला उलट ऐकवा. थोडक्यात, विचारांना उलट उत्तर देण्याची गाईडच.

तुम्ही ख्रिस्ती असाल तर हे सोपं आहे. स्तोत्रसंहितेतून तुमच्या नेहमीच्या तीन वाईट विचारांसाठी तीन वचनं निवडा, वहीत लिहा, पाठ करा. लक्षात घ्या, ही दीडशे स्तोत्रं काही 'सगळं मस्त चाललंय' असं म्हणत नाहीत. त्यातली कितीतरी सरळसरळ तक्रारी आहेत, रडगाणी आहेत. बेचाळिसाव्या स्तोत्रात तर कवी स्वतःच्याच जिवाला विचारतो की तू असा का खचलास, आणि मग त्याला धीर देतो. म्हणजे दुःख नाकारायचं नाही, पण शेवटचा शब्दही त्याला द्यायचा नाही. तुमची श्रद्धा वेगळी असेल तर तुकोबांचा अभंग असेल, आजीचं एखादं वाक्य असेल, शाळेतल्या सरांनी कधीतरी पाठीवर हात ठेवून म्हटलेलं असेल. अट एकच, ते तुम्हाला मनापासून खरं वाटलं पाहिजे. 'मी जगात भारी' असलं काही म्हणू नका, मन लगेच हसतं. 'मागच्या सेमला मॅथ्स असाच अडकला होता आणि सुटला' हे चालतं.

चार, हाताला काम द्या. विचारांना फक्त विचारांनी हरवता येत नाही. मुक्तीमध्ये प्रार्थनेइतकंच मागाला, शेताला, छापखान्याला महत्त्व होतं. उत्तर देऊन झालं की उठा. पाच मिनिटांत होईल असं काहीतरी करा. गाईला पाणी दाखवा, कपडे वाळत घाला, त्या अडकलेल्या विषयाचं फक्त एक पान वाचा. मन 'मला काहीच जमत नाही' म्हणत असताना हात त्याच्या समोर पुरावा ठेवतात.

आणि हे सगळं करायलाही सुचत नसेल, छाती भरून आली असेल, तर आधी श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, असं दहा वेळा. पूर्वेकडच्या ख्रिस्ती परंपरेत येशूच्या नावाची छोटीशी प्रार्थना श्वासाच्या लयीत पुन्हा पुन्हा म्हणायची जुनी पद्धत आहे. नामस्मरणाची सवय असलेल्या आपल्या मातीला ती परकी वाटायला नको.

देवदूतानं आधी भाकरी दिली

आता एक नाजूक गोष्ट. श्रद्धावान घरांत कधीकधी उदास मुलाला ऐकवलं जातं, 'तुझा विश्वास कमी पडतोय', 'प्रार्थना कर, सगळं जाईल'. त्यानं होतं काय, की आधीच्या ओझ्यावर अपराधीपणाचं आणखी एक पोतं चढतं.

बायबलमधली एलीया संदेष्ट्याची गोष्ट अशा लोकांनी पुन्हा वाचावी. मोठा पराक्रम करून आलेला हा माणूस जिवाच्या भीतीनं रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि आता मरण येऊ दे म्हणतो. देवदूत येतो. तो प्रवचन देत नाही, रागावत नाही, विश्वास किती टक्के ते विचारत नाही. तो म्हणतो, ऊठ, खा. निखाऱ्यावर भाजलेली भाकरी आणि पाणी. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवून पुन्हा खायला देतो. देवाचं बोलणं त्यानंतर, बऱ्याच दिवसांनी येतं, तेही वादळात नाही, अगदी हळू आवाजात.

झोप, जेवण, सोबत. सगळ्यात आधी हे. रात्री दोनला आलेला विचार सकाळी दहाला तपासा, त्याची उंची निम्मी झालेली असते. येशूनंसुद्धा अटकेच्या रात्री आपल्या मित्रांना सांगितलं की माझा जीव फार खिन्न झालाय, माझ्यासोबत जागे राहा. स्वतः देवाचा पुत्र म्हणवणारा जर 'मला बरं वाटत नाहीये, थांबा माझ्याजवळ' असं म्हणू शकतो, तर तुम्हाला रूममेटला तेवढं म्हणायला लाज कसली?

आणि एक स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन बसलेलं असेल, झोप-भूक उडाली असेल, कशातच रस वाटत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा. ताप आल्यावर आपण प्रार्थनाही करतो आणि गोळीही घेतो, तसंच हे. जगू नये असा विचार एकदा जरी आला तरी थांबू नका. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतूनही बोलता येतं. हा नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा. तुम्हाला लागला नाही तरी शेजारच्या बेंचवरच्या कुणाला तरी लागेल.

एकवीस दिवस नव्हे

'एकवीस दिवसांत सवय लागते' हे वाक्य तुम्ही शंभर रील्समध्ये ऐकलं असेल. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर याचा अभ्यास केला. जेवणासोबत फळ खाणं, रोज थोडं पळणं असल्या साध्या सवयी अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट म्हणजे, एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू केलं की झालं.

म्हणून झेपेल एवढंच धरा. सकाळी मोबाईलला हात लावण्याआधी पाच मिनिटं. ख्रिस्ती असाल तर एक वचन आणि छोटी प्रार्थना. नसाल तर तुमचं जे काही असेल ते, किंवा नुसता श्वास. दुपारी एकदा, लेक्चरच्या मध्ये, 'आत्ता डोक्यात काय चाललंय?' एवढाच प्रश्न. रात्री झोपण्याआधी वहीत तीन ओळी. आज कशाबद्दल आभार मानावेसे वाटले, आज मन कुठं घसरलं, उद्या काय वेगळं करीन. ही रात्रीची उजळणी इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आपल्या येशूसंघीयांना शिकवली आणि ते आजही ती करतात. बस, एवढंच. पंधरा मिनिटंही लागत नाहीत.

उद्या पुन्हा एसटी उशिरा येईल. पुन्हा अंधार असेल, पाचट पुन्हा खसखसेल आणि तुम्ही दचकाल. दचकायलाच पाहिजे. टॉर्च लावा, जमलं तर कुणाची तरी सोबत घ्या, आणि चालत राहा. घरी पोचल्यावर गोठ्यात डोकावून बघा. गाय शांत बसून रवंथ करत असेल. तिच्यापुढं सकाळी काय टाकायचं, हे घरात कुणीतरी ठरवतं. तुमच्या मनापुढं काय टाकायचं, हे उद्या सकाळी तुम्ही ठरवा. मोबाईल उघडायच्या आधी.